न सापडलेले

पर्बताबाई दिघोरे गाळ घेऊन आली
ऑइलपेंटच्या दोन डब्यांत.
एकाच्या झाकणावर खडूनं मासोळी काढलेली,
दुसऱ्यावर काहीच नाही.
मासोळीचा गाळ मामा तलावाचा.
बिनखुणेचा राखेच्या नाल्याखालचा,
जिथं नदी वळते, आणि वीजकेंद्राची धुराडी
दुपारी पाण्यात उलटी उभी राहतात.

मी कॉलेजचा प्रयोगशाळा परिचर,
झुऑलॉजी, खोली नंबर सात.
बावीस वर्षं बेडूक पुरवले. बेडूक कापणं बंद झालं,
तर मॅडमनं हे काढलं:
लोणच्याच्या सहा बरण्या, तळाला दोन बोटं गाळ,
वर रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी,
आणि प्रत्येकीत वीस किडे, मोजून.

किडा तो केवढा, तांदळाच्या कणीएवढा.
कुशीला कल्ले पिसांसारखे, मागं तीन शेपट्या.
पुस्तकात त्याचं नाव दीड ओळीचं.
पर्बताबाई म्हणाली, तिशेपटी.
तेव्हापासून रजिस्टरात तेच.

"याले काय इचारता तुमी?"
काही नाही बाई, दहा दिवस राहून पाहा म्हणतो.
राहिला तर गाळ बरा.
"मंग थे मोठी मशीन?"
मशीन सांगते शिसं किती आहे.
कोणाला किती लागलं, ते नाही सांगत.

बरण्यांपुढं ती बराच वेळ उभी होती.
मग लुगड्याचा काठ जरा उचलून म्हणाली,
"तीस वर्सं हेच पाय त्याच गाळात.
माही बरनी कोनती?"
मी मोजत असल्याचं नाटक केलं.

पहिल्या खेपेला चौथ्याच दिवशी सगळे मेले,
मासोळीच्या बरण्यांतलेसुद्धा.
मॅडम रागावल्या नाहीत. एक बरणी नाकाशी नेली,
माझ्यापुढं धरली.
लिंबाचा वास. भांड्याचा साबण.
माझेच हात.
एकशेवीस जिवांचा हिशेब मी शाईनं खोडला
आणि रात्री जेवायच्या आधी ताट दोनदा विसळलं.
बायको म्हणाली, साबण सोसत नसेल तर राखेनं घासा.
कोणत्या राखेनं, मी विचारलं.

दुसरी खेप नुसत्या उकळत्या पाण्याची.
दहाव्या दिवशी चहाची गाळणी, पांढरी बशी,
तिघांच्या माना खाली.
मासोळी: अठरा, एकोणीस, अठरा.
शेपट्या हलवत होते, कुठंतरी निघाल्यासारखे.
बिनखुणेच्या: चार. दोन.
तिसरीत एकही नाही,
मेलेलाही नाही.

त्यालाही नियम आहे. मॅडमनं बोट ठेवून वाचला:
न सापडलेले मृत धरावेत.
इतके मऊ असतात म्हणे,
मेले की गाळच होतात.

पर्बताबाईनं नियम पुन्हा एकदा वाचायला लावला.
मग आवाज न चढवता एकेक बोट दुमडत गेली:
घोगर. शिंगूर. दाडक.
बोटरी, थे मोठीवाली,
आमच्या सासऱ्याच्या जाळ्यात यायची थे.
"माह्या लग्नाच्या सालापासून नाई दिसली.
हे बी धराचे का?"

रजिस्टरात रकाने सहाच.
मॅडमनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
व्हरांड्यात दुसऱ्या वर्षाच्या पोरी
कशावर तरी हसत होत्या.
मी पट्टी घेतली, सातवी रेघ ओढली.
जरा तिरकी गेली.

ती डबे परत मागत होती.
धुऊन देतो, म्हटलं.
"राहू द्या," म्हणाली,
"त्याच्यातच आनाचा हाये पुन्हा.
फक्त झाकन घट्ट लावा,
यष्टीत लोकं नाक मुरडतेत."